गुलाबसिंगची कवळी

चहाची बशी माझ्या डाव्या हातातून सुटून अंगणात फुटली, तेव्हा माझी बायको लिलाबाई समोर बसून मेथी निवडत होती.

"काय झालं?"

"काई नाई. बशी गरम होती."

"पाच मिनटं झाले फुंकून राह्यले तुमी. अजून गरमच हाये?"

मी उठलो आणि गोठ्याकडे निघालो. निघालो सरळ, पण पोचलो कडब्याच्या गंजीपाशी, म्हणजे डावीकडे दहा पावलं. पाय आपल्या मनानंच तिकडे ओढत होता. मी मागे वळून पाहिलं नाही. मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज बंद झाला होता, यावरून ती पाहते आहे हे कळलंच.

मी डावरा माणूस. जेवण सोडून सगळी कामं डाव्या हाताची. त्या हाताची बोटं चार दिवसांपासून बधिर होती. मुंग्या चालाव्यात तसं व्हायचं आणि मूठ वळत नव्हती. ती का वळत नाही हे मला ठाऊक होतं. पण ते सांगायचं तर एक गोष्ट लिलाबाईला सांगावी लागणार होती, आणि त्यापेक्षा हात गेलेला बरा, असं मला तेव्हा वाटत होतं.

चाळीस वर्षं मी विहिरीत बुड्या मारल्या. मानोरा तालुक्यात कोणाची मोटर विहिरीत पडो, कोणाचा हंडा पडो, एकदा तर एका नवरदेवाचा नवा कोरा बूट पडला होता, लोक पुंजाजीला, म्हणजे मला, बोलवायचे. शेजारच्या तांड्यावरच्या गुलाबसिंगकडे विहीर खोदायची क्रेन होती. वस्तू वर ओढायची ती त्यानं, खाली जाऊन बांधायची ती मी. माझ्या कमरेला दोर असायचा आणि दोराचं दुसरं टोक काठावर बसलेल्या लिलाबाईच्या हातात. दुसऱ्या कोणावर तिचा भरवसा नव्हता. एक हिसका म्हणजे सैल सोड. दोन हिसके म्हणजे ओढ. माझं डोकं पाण्याखाली गेलं की ती मोठ्यानं आकडे मोजायला लागायची.

आमच्या कामाची रीत सोपी होती. छाती भरून घ्यायची, श्वास कोंडायचा, वस्तू हाती आली की तळाला लाथ मारायची आणि सरळ वर. श्वास सोडायचा तो डोकं बाहेर आल्यावरच.

आठ वर्षांपूर्वी एका विहिरीत माझा पाय मोटरीच्या वायरमध्ये अडकला आणि दोर दगडाखाली दाबला गेला. मी हिसके देत होतो, ते वर पोचतच नव्हते. लिलाबाईनं एकशे सत्तरपर्यंत मोजलं आणि मग हिसक्याची वाट न पाहता एकटीनं दोर ओढला. वायर तुटली. मीही बराचसा सोलून निघालो.  घरी आल्यावर म्हणाली, "याच्यापुढं पान्यात डोकं घालाचं नाई. माह्या गळ्याशपथ."

मी शपथ घेतली आणि पाळलीही. आठ वर्षं तांब्यानं अंघोळ केली.

यंदा दिवाळी झाल्यावर गुलाबसिंगचा पुतण्या मदनसिंग यानं आपल्या ट्रॅव्हलर गाडीतून आम्हा चौदा जणांना कोल्हापूर-मालवण दाखवायचं ठरवलं. लिलाबाईला वाशीमपर्यंतसुद्धा गाडी लागते, म्हणून ती आली नाही. निघताना पिशवी माझ्या हातात देत म्हणाली, "शपथ ध्यानात हाये ना?"

"हाये."

"समुद्रालेबी लागू हाये."

"समुद्र का विहीर हाये व्हय?"

"पानी हाये ना?"

यावर मी हो किंवा नाही असं काहीच म्हटलं नाही. ही जागा मी मुद्दाम मोकळी ठेवली होती, हे कबूल करतो.

मालवणला समुद्राखाली नेऊन आणतात. पाठीवर हवेचं नळकांडं, तोंडात नळी, डोळ्यांवर काचेचा चष्मा. मी वय पंचावन्न सांगितलं. अकरा वर्षं कमी केली, पण छाती दाखवून सांगितल्यामुळे कोणाला शंका आली नाही. गुलाबसिंगला गुडघ्यावरच्या पाण्याची भीती, तो फक्त होडीत बसून मजा पाहायला आला होता. होडी डोलायला लागली तसं त्याच्या पोटात ढवळलं. तो काठावरून वाकला, आणि पोटातलं जे गेलं त्याच्याबरोबर दसऱ्याला बसवलेली त्याची वरची कवळीही समुद्रात गेली. तो उठून आम्हाला काहीतरी सांगायला लागला. दात नसल्यामुळे एक अक्षर कळेना, आणि चेहरा असा झाला होता की होडीतले सगळे पोट धरून हसले. सगळ्यात जास्त मी.

मग माझी पाळी आली. सोबत उतरणारा पोरगा चांगला होता. त्यानं तीन वेळा सांगितलं, "आजोबा, खाली श्वास अजिबात रोखायचा नाही. घेत राहायचा, सोडत राहायचा." होडीवर पाटीही होती. मी उतारवयात अक्षरं शिकलो, तेव्हापासून दिसेल ती पाटी वाचतो. हीही दोनदा वाचली. पण मला वाटलं, हे शहरातल्या लोकांसाठी लिहिलेलं आहे. पुंजाजीला श्वास शिकवणारा अजून जन्माला यायचा आहे.

खाली गेलो आणि चकितच झालो. चाळीस वर्षं मी पाण्याच्या तळाशी गेलो, पण तळ कधी पाहिला नव्हता. विहिरीत सगळा अंधार, हातच डोळे. इथे लख्ख उजेड. पिवळे, निळे, पट्टेवाले मासे माझ्या नाकासमोरून जात होते. नळीतून हवा येत होती. परीक्षेत पुस्तक उघडं ठेवून लिहावं तसं वाटत होतं. पोरगा मागून एका हातानं माझं नळकांडं धरून मला फिरवत होता, दुसऱ्या हातात त्याचा कॅमेरा होता. पंचवीसेक फूट खोल असू. एका दगडाला वळसा घातला, तर वाळूत बसून गुलाबसिंग माझ्याकडे पाहून हसत होता. म्हणजे त्याचे दात. दोन बोटांएवढा एक मासा त्यात डोकावून पाहत होता.

माझा डावा हात गेला. कवळी मुठीत आली. आणि त्यानंतर जे झालं ते मी केलं नाही, चाळीस वर्षांच्या सवयीनं केलं. छाती भरली, श्वास कोंडला, तळाला लाथ मारली आणि सरळ वर. पोराच्या हातातून नळकांडं निसटलं. मी पाण्याबाहेर निघालो तो कवळी उंच धरूनच.

होडीत टाळ्या पडल्या. दुसऱ्याच क्षणी होडी, आभाळ आणि टाळ्या वाजवणारे सगळे गरगर फिरायला लागले. डाव्या हाताची बोटं बधिर झाली. कवळी होडीत पडली, ती गुलाबसिंगनं उचलून न धुताच तोंडात घातली. पोरगा मागोमाग वर आला, पांढराफटक.

"आजोबा, छातीत दुखतंय? हातपाय नीट आहेत? आपण डॉक्टरकडे जाऊ या."

"काही नाही," मी म्हणालो. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. थोड्या वेळानं बोटं हलायलाही लागली. संध्याकाळी मी गुलाबसिंगला बाजूला घेतलं.

"गुलाब्या, घरी एक शब्द काढला ना, तं ज्या तोंडात हे दात बसवले हायेत ते तोंडच ठेवनार नाई."

"अबे, मी काहून सांगू? तुह्यामुळं तं हसून राह्यलो मी."

परतीच्या वाटेवरच बोटं पुन्हा बधिर झाली.

घरी आल्यावर गावातल्या डॉक्टरनं सुई दिली. शेजारीपाजारी येऊन पाहून गेले आणि म्हणाले, "पुंजाजीच्या अंगावरून वारं गेलं." लकव्याला आमच्याकडे असंच म्हणतात. या वेळी ते किती खरं होतं हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं. रिसोडकडचा कोणीतरी लकव्यावर तेल देतो असं कळलं, तसं लिलाबाईनं मुलाला, धम्मपालला, पाठवून बाटली आणवली. काळं तेल, बैलानंही मान फिरवावी असा वास. सकाळ-संध्याकाळ ती माझा हात मांडीवर घेऊन चोळायची.

"तिकडं काई झालं होतं का?"

"काय होनार?"

"पडले-बिडले?"

"नाई."

"समुद्र पाह्यला?"

"पाह्यला."

"कुठून?"

"काठावरून."

यावर ती इतक्या जोरात चोळायची की बधिर हातालाही कळायचं.

बशी फुटली त्याच दिवशी धम्मपालनं मला वाशीमला न्यायचं ठरवलं. लिलाबाई सोबत निघाली. गुलाबसिंगही गाडीत येऊन बसला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, तर तो खिडकीबाहेर पाहायला लागला.

वाशीमच्या डॉक्टर वर्षाराणी मॅडम वयानं लहान, पण नजर बारीक. डोक्याचा फोटो काढला, रक्त तपासलं, पायाला खाजवून पाहिलं, डोळे मिटून उभं केलं. मी डावीकडे कललो.

"साखर नाही, बीपी नाही. फोटोतही नेहमीसारखा झटका दिसत नाही," त्या म्हणाल्या. "आजोबा, गेल्या आठवड्यात काही वेगळं केलंत? मार लागला? उंचावरून पडलात?"

"नाही."

"आजी, तुम्हाला काही आठवतं?"

लिलाबाईनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "त्यायलेच इचारा," ती म्हणाली, आणि पाणी प्यायला म्हणून बाहेर निघून गेली.

मॅडमनी कागद ओढला. "मग भरती करून घेते. रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू करावं लागेल. हात पूर्ण परत येईल असं सांगता येत नाही."

 मी माझ्या हाताकडे पाहत होतो. तेवढ्यात गुलाबसिंग उठला, तोंडात दोन बोटं घातली आणि कवळी काढून मॅडमच्या टेबलावर, कागदावर ठेवली. मग बोलायला लागला. अर्थातच एक अक्षर कळेना.

"हे काय आहे?" मॅडम मागे सरकल्या.

गुलाबसिंगनं कवळी उचलली, पुन्हा बसवली आणि म्हणाला, "म्याडम, हे माहे दात. समुद्राच्या तळाशी होते. यानं आनले." आणि होडीपासून टाळ्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं. धम्मपाल माझ्याकडे असा पाहत राहिला, की तो बाप आणि मी पोरगा.

मॅडम मात्र रागावल्या नाहीत, उभ्या राहिल्या. "श्वास रोखून वर आलात?"

"व्हय."

"आजोबा, खाली पाण्याचा दाब असतो, हवा दाबली जाते. वर येताना तीच हवा फुगते. बाहेर सोडली नाही तर फुफ्फुस फाटतं आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूत जातात. हे तसंच दिसतंय."

"मंग उपाय?"

"नागपूरला एक मोठी बंद टाकी आहे, दाबाची. त्यात बसवून हवेचा दाब वाढवतात, म्हणजे बुडबुडे बारीक होतात. वरून नाकातोंडाला शुद्ध ऑक्सिजन. हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. पाच दिवस गेलेत, तरी फायदा होऊ शकतो. आजच निघा."

"म्हंजे मले पुन्हा बुडवनार?"

"बुडवणार. पण कोरडं, नुसत्या हवेच्या दाबानं. साठ फूट."

त्यांनी छातीचा फोटो काढून घेतला, नागपूरला फोन केला. मी दाराकडे पाहत हळूच विचारलं, "म्याडम, बुढीले काय सांगाचं?"

"ते तुमचं तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे त्यावर औषध नाही."

लिलाबाईला आम्ही सांगितलं की नागपूरला शिरांसाठी ऑक्सिजनची मशीन आहे. ती "बरं" म्हणाली. मदनसिंग गाडी घेऊन आला, गुलाबसिंगही चढला. समृद्धी मार्गानं गाडी सुसाट निघाली आणि लिलाबाई कारंजा ते नागपूर पिशवी तोंडाशी धरून बसली. तीन वेळा उलटी झाली. "मागं फिरू का, काकी?" मदनसिंगनं विचारलं, तर हातानंच पुढे चल म्हणाली.

टाकी म्हणजे दुधाच्या टँकरसारखं एक आडवं पांढरं पिंप होतं, बाजूला गोल काचेच्या खिडक्या, आत सहा खुर्च्या. आत शिरायचे नियम कडक. काडीपेटी नाही, फोन नाही, घड्याळ नाही, नायलॉनचा कपडा नाही. माझ्या कमरेची तंबाखूची डबी काढून घेतली. आणि तेलाचा थेंब नाही, कारण आत ऑक्सिजन, तेल पेट घेतं. माझ्या हाताचा वास घेऊन तिथली मंजुषा सिस्टर दोन पावलं मागे गेली. मला तीन वेळा साबण लावून धुतलं. रिसोडचं तेल चौथ्या वेळी निघालं.

"सोबत घरचं एक माणूस बसू शकतं," तिथले डॉक्टर म्हणाले. "सिस्टर आत असतेच, पण आजोबांना धीर येईल."

धम्मपाल पुढे झाला. लिलाबाई त्याला दंडाला धरून मागे ओढत म्हणाली, "मी बसतो."

"आजी, मध्ये दार उघडता येत नाही. पावणेपाच तास."

"मंग तं लई चांगलं," लिलाबाई म्हणाली.

ते ऐकून मला घाम फुटला. तिचे कान तपासले, छाती तपासली, सगळं ठणठणीत. आयुष्यभर तेल लावलेले केस तिनं तिथल्या नळाखाली शाम्पूनं धुतले आणि हिरवा सुती झगा घालून, ओले केस पाठीवर सोडून ती माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. मी पन्नास वर्षांत तिला अशी पाहिली नव्हती. तसं म्हणालो, तर म्हणाली, "तोंड बंद."

दार लागलं. चाक फिरवलं. हवा सूं सूं करत आत यायला लागली आणि गरम व्हायला लागलं. कानात दाब आला. मला हे ओळखीचं होतं, लिलाबाईला नव्हतं. तिनं दोन्ही कान धरले.

"नाक दाब," मी म्हणालो. "तोंड मिट. आता आतून फुंक."

तिनं फुंकलं. कान उघडले तसे डोळेही मोठे झाले. "हे करत होते तुमी विहिरीत?"

"व्हय."

"मले वाटे, वास येते म्हनून नाक दाबता."

सिस्टरनं वरचा काटा पाहून सांगितलं, "साठ फूट." मग माझ्या नाकातोंडावर मास्क बसवला आणि पट्टा आवळला. "वीस मिनिटं हा काढायचा नाही आणि बोलायचं नाही. मग पाच मिनिटं साधी हवा. असे तीन फेरे. मग दाब कमी करू आणि तास-तासाचे दोन."

माझ्या ध्यानात हिशेब आला. वीस मिनिटं तिची, पाच माझी. लिलाबाईच्याही ध्यानात आला. तिनं खुर्ची माझ्याकडे वळवून घेतली.

पहिली वीस मिनिटं ती गावावर बोलली. सून पल्लवीनं भाजीत मीठ जास्त टाकलं ते, शेजारणीची म्हैस, हरभऱ्यावरची अळी. मध्येच म्हणे, "समुद्र मोठा असन नाई? पन तुमाले काय माहीत, तुमी तं काठावरच होते." मी मास्कच्या आड मान हलवली. हो की नाही, ते मलाच कळलं नाही.

मास्क निघाला. मी म्हणालो, "लिला, एक सांगाचं होतं."

"सांगा."

सिस्टर भिंतीकडे पाहायला लागली. मी घसा साफ केला. "हरभऱ्याले फवारनी करावी लागन."

"करू," लिलाबाई म्हणाली. मास्क चढला.

दुसऱ्या फेऱ्यात तिनं गुलाबसिंगला घेतलं. "तो गुलाबसिंग! जनमभर तुमाले खाली पाठवलं अन् सोता वर उभा राह्यला. आता म्हने कवळी बसवली. काय खाते बुढा त्या कवळीनं? माह्या हाती लागू द्या, चुलीतच घालतो ते दात!" कवळीचा विषय कुठून आला, म्हणून मी कान टवकारले. ती मात्र पुढे गेली. "एकशे सत्तर मोजले होते म्या. तुमाले कधी सांगतलं नाई. एकशे चाळीसपर्यंत तुमी येत होते नेहमी. एकशे एक्केचाळीसपासून म्या तुमाले शिव्या दिल्या. एकशे साठपासून हात जोडले. अन् एकशे सत्तरले वाटलं, हा आकडा आता कधी संपनारच नाई." मग ती खिडकीकडे पाहत राहिली.

पुन्हा पाच मिनिटं आली. त्यातली तीन मी नुसतं पाणी पिण्यात घालवली. सिस्टर म्हणाली, "आजोबा, हात कसा वाटतो?" तेव्हा अंगठा थोडा हलला. लिलाबाईनं तो पाहिला आणि पटकन दुसरीकडे पाहिलं.

तिसऱ्या फेऱ्यात ती फक्त आकडे मोजत होती. मोठ्यानं नाही, ओठांत. एक, दोन, तीन. मास्क निघाला तेव्हा तिचे ओठ थांबले, आणि मला राहवलं नाही.

"लिला, म्या शपथ मोडली. समुद्रात गेलतो. पार तळाशी. गुलाब्याचे दात पडले होते, ते दिसले, अन् मंग श्वास कोंडून वर आलो आपल्या रितीनं. त्यानंच हात गेला. वय बी खोटं सांगतलं. झालं, सारं सांगतलं."

मी डोळे मिटून घेतले आणि वाट पाहिली. काहीच आलं नाही. डोळे उघडले.

"मले माहीत होतं," लिलाबाई म्हणाली.

"काय?"

"तुमी घरी याच्या आधीपासून. त्या पोरानं पान्याखाली काढलेला व्हिडिओ मदनसिंगनं त्याच्या फोनवर टाकला होता, तो पल्लवीनं दाखवला. तुमचे पाय, ते मासे, अन् ते दात. म्या सतरा खेपा पाह्यलं."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमच्या तोंडून ऐकाचं होतं मले. म्हटलं, पाहू कवा सांगते. रोज इचारत होतो. तुमी म्हनत होते काठावरून." तिचा आवाज बारीक झाला. "मले काय माहीत, हात त्यानं गेला म्हनून? मी त्या काळ्या तेलानंच चोळत राह्यलो. आज त्या डॉक्टरीनबाईनं इचारलं, तवाबी अकड धरली. तवाच बोलली असती तं..."

"वेळ झाली, आजोबा," सिस्टर म्हणाली आणि मास्क चढवला. या वेळी एक तास.

दाब उतरवला तशी आतली हवा थंड झाली. लिलाबाई गप्प होती. जिनं वीस-वीस मिनिटं बोलायची संधी सोडली नाही, ती पूर्ण तास हाती आला तर गप्प. झग्याची कड बोटाला गुंडाळत, खाली पाहत बसलेली. पाच दिवस मी तिला फसवतो आहे असं मला वाटत होतं, आणि ती मला. दोघांनी मिळून फसवलं ते माझ्या हाताला. हे तिला सांगायचं होतं, पण तोंडावर मास्क.

मी डावा हात उचलला. जड होता, पण उचलला गेला. तिच्या झग्याची बाही बोटांत धरायला गेलो, सुटली. पुन्हा धरली. मूठ अर्धीच वळली, पण वळली. आणि बाहीला दोन हिसके दिले.

लिलाबाईनं खाली पाहिलं. माझी बोटं पाहिली. ही डाव्या हाताची आहेत हे कळायला तिला थोडा वेळ लागला. मग तिनं दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं आणि खरंच वर ओढलं, इतक्या जोरात की सिस्टर ओरडली, "आजी, मास्क निघेल!"

"निंगू द्या," म्हणाली, पण सोडलं. मग डोळे पुसले आणि तिची गाडी पुन्हा रुळावर आली. उरलेल्या वेळात तिनं नवी शपथ तयार केली. विहीर, नदी, तलाव, समुद्र, शेततळं, कॅनॉल, एकेक नाव घेऊन. मी प्रत्येकाला मान हलवली. शेवटी म्हणाली, "अन् ह्या टाकीत मात्र जेवढे खेपा डॉक्टर म्हनन, तेवढे खेपा बसाचं." मग जरा थांबून, सिस्टरला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "ते पट्टेवाले मासे... खरंच तेवढे पिवळे होते का हो?"

मी मान हलवली. ही खरी होती.

दार उघडायच्या आधी सिस्टर हसत म्हणाली, "आजी, एक सांगायचं राहिलं. त्या जाळीमागे माइक आहे. आतलं सगळं बाहेर ऐकू जातं. नियमच आहे तसा."

"सारं?" लिलाबाईनं विचारलं.

"सारं."

दार उघडलं. बाहेर धम्मपाल होता, मशीन चालवणारा माणूस होता, डॉक्टर होते, आणखी दोन सिस्टर होत्या. सगळ्यांच्या तोंडावर हसू. डॉक्टरांनी माझी मूठ वळवून पाहिली, अजून सहा-सात वेळा बसावं लागेल म्हणाले, हात बराचसा येईल म्हणाले. मी सरळ रेषेत सहा पावलं चाललो. सातवं थोडं डावीकडे पडलं.

सगळं ऐकलेला गुलाबसिंग मात्र लांब, भिंतीला टेकून उभा होता. लिलाबाई ओल्या केसांनी तशीच सरळ त्याच्याकडे निघाली.

"काहो गुलाबसिंगभाऊ, बोला की आता!"

गुलाबसिंग बोलला नाही. त्याचे गाल आत गेले होते, ओठ घट्ट मिटले होते, आणि दोन्ही हात शर्टाच्या वरच्या खिशावर दाबून धरले होते.